सोशल मेंबरचे हात

गोल्फ क्लबच्या दारातली पितळी घंटा मी वाजवली. कोणी सांगितलं नव्हतं, मागून ढकललं नव्हतं, चुकून हात लागला असंही नाही. टांगलेली दिसली, हात वर गेला, टण्णकन वाजवली आणि आत शिरलो. खोटं कशाला सांगू, क्षणभर डोळेही मिटले होते.

आता माझी बाजू ऐका. माझं लहानपण कराडात, दोन देवळांच्या मधल्या गल्लीत गेलं. दारात घंटा असली की ती वाजवायची आणि मग आत जायचं, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. घंटा टांगून ठेवायची पण वाजवायची मात्र नाही, असाही प्रकार जगात असतो, हे मला कुवेतमध्ये, डोक्यावरचे अर्धे केस गेल्यावर कळलं.

शुक्रवारची दुपार होती. कसलीशी स्पर्धा नुकतीच संपली होती आणि क्लबचा हॉल भरलेला होता. घंटा वाजली तशी सगळी माणसं एकदम ओरडली. टाळ्या झाल्या. निळा ब्लेझर घातलेला एक उंच, म्हातारा इंग्रज उठून माझ्यापर्यंत चालत आला, माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "फारच उदार आहात तुम्ही." मी मनात म्हटलं, काय अगत्याची माणसं आहेत! उगाच लोक इंग्रजांना थंड म्हणतात. मी सगळ्या हॉलकडे बघून हात जोडले. मग ज्यांचा पाहुणा म्हणून मी आलो होतो त्या चाचांनी माझी बाही ओढली.

"अरे भाऊ, काय करून बसलास?"

"काय केलं? घंटा वाजवली."

"ही जो वाजवतो ना, तो इथे असतील तेवढ्या सगळ्यांना पाजतो. विलायतेचा रिवाज आहे. आम्ही घंटेखालून जाताना वाकून जातो, टोपीसुद्धा लागू देत नाही. आणि तू? धाडकन! वर डोळे मिटून!"

कुवेत हा कोरडा देश, त्यामुळे पाजायचं म्हणजे लिंबू-पुदिना. क्लबच्या त्या कोपऱ्याला सगळे अजून बारच म्हणतात. तिथे लाकडी काउंटर आहे, उंच स्टुलं आहेत, आकड्यांना टांगलेले सभासदांचे मग आहेत. नाही ती फक्त दारू. त्या दुपारी अख्खा क्लब माझ्याकडून लिंबू-पुदिना प्यायला. पहिला संपल्यावर, परत घंटा वाजवायचा विचार आहे का, असंही दोघा-तिघांनी प्रेमाने विचारून घेतलं.

मुळात मी तिथे गेलो कशाला? तर माझ्या मुलीमुळे.

मी दस्मानमधल्या एका बँकेत हिशेबाच्या खात्यात आहे आणि राहतो सबाह अल-सालेमला. सुरुवातीला एकटा होतो तेव्हा अब्बासियात पाच जणांत एक फ्लॅट होता, आणि चाचांची ओळख तिथली. ते मूळ रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, एसीच्या सुट्या भागांचा त्यांचा व्यापार आहे. शुक्रवारी ते मला घरी नेऊन मासे खाऊ घालायचे. पुढे माझा संसार इकडे आला तरी शुक्रवार त्यांचेच राहिले. असाच एका शुक्रवारी ते आम्हाला क्लबच्या मैदानावर फिरायला घेऊन गेले. मुलीने सहज त्यांची स्टिक उचलली आणि चेंडू मारला. तो कुठे पडला हे बघायला चाचांना कपाळावर हात धरावा लागला.

"या अल्ला," ते म्हणाले, "ही पोर माझ्यापेक्षा लांब मारते! आणि मी वीस वर्षं खेळतोय."

आमची कन्या तेव्हा अकरावीत होती. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा तिचा नियम. घरात कशातच रमायची नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मात्र ती आपण होऊन, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मला हे खेळायचंय." मी आरशातून बायकोकडे बघितलं. तिनेही आरशातून माझ्याकडे बघितलं. असं वाक्य आमच्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

पण क्लब म्हणजे क्लब. पाहुणा म्हणून एका मोसमात ठरावीक वेळाच येता येतं, आणि चाचांच्या कृपेने ती मुदत बघता बघता संपत आली. ज्युनियर सभासद व्हायचं तर आई किंवा वडील आधी सभासद हवेत. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिच्या ड्यूट्या बहुतेक शुक्रवार-शनिवारीच. उरलो मी.

"तू? गोल्फ?" बायको म्हणाली. "अरे, कॅरममध्ये सोंगटीच्या आधी तुझा स्ट्रायकर भोकात जातो. तिथे तरी भोक हाताशी असतं."

चाचांनी सोपा मार्ग सांगितला होता, हे कबूल करायला हवं. "तू सोशल मेंबर हो ना. खेळायचं नाही, फक्त बसायचं, खायचं. पोरीचं काम होतंय, मिटला विषय." पण मला ते लागलं. सोशल मेंबर! म्हणजे लग्नात नुसतं जेवायला आलेल्या पाहुण्यासारखं? मी इतकी वर्षं बँकेत काढली, मला मैदानावर पाय ठेवायची बंदी? मी म्हटलं, "चाचा, व्हायचं तर पूर्ण मेंबर. नाहीतर नको."

"बघ हं," चाचा म्हणाले. "एकदा नाव नाकारलं की वर्षभर परत अर्ज करता येत नाही."

वर्षभराने पोरगी कॉलेजला कुवेत सोडून जाणार होती. हे मला कळत होतं. तरी मी पूर्ण मेंबरचाच अर्ज भरला. म्हणजे घंटा तरी मी अजाणतेपणी वाजवली, हे मात्र पूर्ण शुद्धीत केलं.

अर्जावर नाव सुचवणारा एक सभासद लागतो, त्याला दुजोरा देणारा दुसरा लागतो. सुचवलं चाचांनी. दुजोरा दिला एका फिलिपिनो डेंटिस्टने. त्याने पूर्वी माझी अक्कलदाढ काढली होती, त्यामुळे माझ्याविषयी थोडीफार माहिती त्याला होती. मग नाव बोर्डावर लागतं. कोणाची हरकत असेल त्याने कॅप्टनच्या कानात सांगायचं. आणि शेवटी कॅप्टनबरोबर एक फेरी खेळायची. कॅप्टन म्हणजे तोच, निळ्या ब्लेझरवाला, मला उदार म्हणणारा.

"त्या फेरीत तुझा खेळ कोणी बघत नाही," चाचा मला समजावत होते. "तुझं वागणं बघतात. समोरचा मारत असताना बोलायचं नाही. त्याच्या चेंडूवर आपली सावली पाडायची नाही. वाळूत पाय उमटले तर मागे पट्टी फिरवून पुसून टाकायचे. आपण तिथे होतो असं दिसताच कामा नये."

इथलं मैदान म्हणजे गवत नव्हे. दूरवर वाळू, कडेला चुना मारलेले दगड, आणि प्रत्येकाजवळ प्लास्टिकच्या हिरवळीचा एक तुकडा. चेंडू जिथे पडेल तिथे तो तुकडा टाकायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. ज्याला बाकी जग ग्रीन म्हणतं त्याला इथे ब्राउन म्हणतात. तेल मिसळून घट्ट केलेल्या वाळूचं ते एक मोठं वर्तुळ असतं आणि मधोमध भोक. तिथे कोणी चाललं की लांब दांड्याची लाकडी पट्टी फिरवून वाळू पुन्हा सपाट करायची. मी चाचांकडे ती पट्टी फिरवण्याचा इतका सराव केला की माझा खेळ नसला तरी माझं झाडणं अव्वल होतं.

चाचा मला हे सगळं शिकवत होते तेव्हा एक गोष्ट सहज बोलून गेले. ते कुवेतला आले तेव्हा शीतपेयांच्या गाडीवर होते. या क्लबच्या मागच्या दाराने क्रेट आत नेऊन द्यायचे. पुढच्या दाराचा प्रश्नच नव्हता. पुढून यायचे ते फक्त गोरे साहेब. पुढे साहेब एकेक करून मायदेशी परतले, क्लब ओस पडायला लागला, तेव्हा दार हळूहळू बाकीच्यांना उघडलं. "आज वीस वर्षं मेंबर आहे मी," चाचा म्हणाले, "पण गाडी लावली ना, की पाय आपसूक मागच्या दाराकडे वळतात. मग स्वतःलाच ओरडतो, अरे, इकडून, इकडून!" आणि स्वतःच मोठ्याने हसले.

तर फेरीचा दिवस. डिसेंबरची छान थंड सकाळ. कॅप्टन गुडघ्यापर्यंत मोजे ओढून तयार. चाचा इस्त्रीच्या पँटमध्ये. मी नवीन शर्टात, नवीन बुटांत आणि नवीन भीतीत. माझी बॅग ओढायला मुलगी. खेळाडू कोण आणि हमाल कोण, हे लांबून बघणाऱ्यालाही उलटंच वाटलं असतं.

पहिली काही भोकं मी निभावली. खेळलो वाईटच, पण वागलो इतका चांगला की कॅप्टन मारायला उभा राहिला की मी श्वासही घेत नव्हतो. माझ्या पावलांचे ठसे पुसता पुसता मी चाचांचे पुसले, कॅप्टनचे पुसले. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, रिलॅक्स."

मग आलं ते छोटं भोक. पहिल्याच फटक्यात ब्राउनवर पोचता येतं, इतकं जवळ. चाचांनी आधीच कुजबुजून सांगितलं होतं, या भोकाशी कॅप्टनचं जुनं वैर आहे. इतक्या वर्षांत त्याला इथे दोन फटक्यांत कधी जमलेलं नाही. आणि त्या सकाळी त्याने असा मारला की चेंडू उंच गेला, ब्राउनवर टप्पा घेतला आणि सरपटत भोकाच्या दिशेने जाऊन थांबला. कॅप्टनने टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस आतून खूश झाला की असंच करतो.

माझा चेंडू ब्राउनच्या पलीकडे कुठेतरी गेला होता. म्हणून मी झपझप पुढे गेलो. कॅप्टन मागून रमतगमत येत होता. वय झालेलं, गुडघे दुखत असावेत. आणि समोर त्याचा चेंडू पडलेला. तुम्हीच सांगा, गल्लीत क्रिकेट खेळताना एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा चेंडू आपल्या पायाशी आला तर आपण काय करतो?

मी तो उचलला. शर्टाला पुसला. पँटलाही एका बाजूने घासला, चांगली चकाकी आली. आणि मग, आपण तिथे होतो असं दिसताच कामा नये, हे आठवून लांब दांड्याची पट्टी घेतली आणि भोकापासून कडेपर्यंत सगळी वाळू आरशासारखी सपाट केली. इतकी सुरेख मी कधीच केली नव्हती. एवढं होईतो कॅप्टन पोचला. मी पुढे होऊन, दोन्ही हातांनी, चेंडू त्याच्या हातात दिला.

चाचांनी आकाशाकडे बघितलं. मुलीने तोंडावर हात ठेवला.

कॅप्टनने चेंडूकडे बघितलं. मग सपाट वाळूकडे. मग माझ्याकडे. "हा कुठे होता?" त्याने शांतपणे विचारलं.

नियम नंतर कळला, की असं कोणी चेंडू उचलला तर तो होता तिथेच परत ठेवायचा. पण होता तिथे म्हणजे कुठे? खूण मी स्वतःच्या हाताने पुसली होती. माझ्या डोक्यात एकच विचार, पोरीचं वर्ष गेलं. काहीतरी भरपाई करायला हवी. मी भोकाच्या अगदी काठाशी, चार बोटांवर, बोट दाखवलं. "इथे, सर. अगदी इथेच."

तिथून माझ्या बायकोने स्ट्रायकरनेसुद्धा घातला असता.

कॅप्टन तिथे चेंडू ठेवायला वाकला. गुडघ्यांनी आवाज केला. एवढ्यात मागून मुलगी म्हणाली, "नो, सर." आणि भोकापासून चांगलं दोन हात दूर जाऊन उभी राहिली. "इट वॉज हिअर. आय वॉज वॉचिंग."

मी तिच्याकडे डोळे वटारले. भुवया वर-खाली केल्या. मानेने खूण केली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती वाळूकडे बोट करून उभी होती. तिचंच वर्ष पणाला लागलेलं, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त नीट कळत होतं.

कॅप्टन सरळ झाला. एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं, तिने दाखवलेल्या जागी चेंडू ठेवला, आणि स्टिकने हलकेच भोकाकडे ढकलला. चेंडू भोकापर्यंत गेला, काठावरून अर्धी गिरकी मारली आणि बाहेर थांबला. तीन फटके. वैर कायम.

बाकीची फेरी कशीबशी संपली. परत गाडीकडे चालताना मी मुलीला म्हटलं, "अगं, जरा गप्प राहिली असतीस तर?"

"बाबा, तो तिथे नव्हता," ती म्हणाली. एवढंच. पुढे इंग्रजीतही काही बोलली नाही. तिचे डोळे भरले होते आणि ते मी बघावेत असं तिला वाटत नव्हतं, म्हणून मी माझ्या नवीन बुटांकडे बघत चाललो.

कॅप्टनने आम्हाला बारमध्ये बोलावलं. स्वतःच्या मगमधून त्याने लिंबू-पुदिन्याचा एक मोठा घोट घेतला. मग मुलीला म्हणाला, "माझे वडील बस चालवायचे. आमच्या गावात गोल्फ क्लब होता. वडील त्याच्या आत एकदाच गेले, सुट्टीच्या दिवशी कुंपण रंगवायला. तिथे मला कोणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. मी हे सगळं," त्याने मग, घंटा, भिंतीवरची जुन्या कॅप्टनांच्या नावांची सोनेरी अक्षरं असा हात फिरवला, "इथे, या वाळूत येऊन शिकलो. पुस्तक वाचून."

मला तेव्हा त्याचे ते गुडघ्यापर्यंतचे मोजे वेगळेच दिसले. इतकी वर्षं मला वाटायचं, रीतभात म्हणजे या लोकांच्या रक्तात असते. हा बिचारा माझ्यासारखाच घोकून आलेला होता. फरक एवढाच की त्याने आधी वाचलं आणि मग हात लावला.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. चाचांनी दिलेली स्टिक मुलीने पलंगाखाली सरकवून ठेवली. बायको डबा भरताना पोळ्या जरा जोरात आपटायची, तेवढंच. बँकेत मी एक बेरीज चारदा केली आणि चारही वेळा वेगळी आली. रोज संध्याकाळी चाचांना फोन.

"काही कळलं का, चाचा?"

"अरे, अजून नाही कळलं. आणि सोशल मेंबर हो म्हणून कोण सांगत होतं तुला?"

"चाचा, प्लीज."

"लग्नातला पाहुणा नाही व्हायचं म्हणालास ना? आता नवरदेवासारखा वाट बघ."

शेवटी कॅप्टननेच बोलावून घेतलं, मला, मुलीला आणि चाचांना. पाठीमागे हात बांधून तो उभा होता. म्हणाला, कमिटीने अर्जावर बराच वेळ विचार केला. पूर्ण सभासदत्वाची शिफारस आपण करू शकलो नाही. पण, तो म्हणाला, अर्ज नाकारलेलाही नाही. कमिटी आपल्या अधिकारात सभासदत्वाचा वर्ग बदलू शकते. मला सोशल मेंबर करून घेतलं होतं. हॉलमध्ये बसावं, व्हरांड्यात बसावं, खावं, वार्षिक जेवणाला यावं. मैदानावर पाय ठेवू नये.

"क्लबच्या भल्यासाठी," तो अगदी मायेने म्हणाला. "आणि वाळूच्याही."

मग मुलीकडे वळला. नियमात एवढंच लिहिलंय की आई किंवा वडील सभासद हवेत; कुठल्या वर्गाचे ते लिहिलेलं नाही. येत्या शुक्रवारी सकाळी ती त्याच्याबरोबर खेळायला मोकळी असेल का? त्याला त्या छोट्या भोकाचा हिशेब चुकता करायचा होता, आणि चेंडू नक्की कुठे पडला ते सांगणारं कोणीतरी सोबत हवं होतं.

मुलगी "येस, सर" म्हणाली. चाचांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मी कॅप्टनचा हात इतका वेळ हलवला की शेवटी त्यालाच तो सोडवून घ्यावा लागला.

त्या शुक्रवारी मी नवीन बूट काढून साध्या चपला घातल्या; मैदानावर जायचंच नव्हतं. बायकोने ड्यूटीवर जाता जाता बजावलं, "नुसतं बस. ते तुला जमेल." चाचांनी गाडी लावली, मागच्या दाराकडे दोन पावलं टाकली, स्वतःलाच ओरडले आणि वळून पुढे आले. मुलगी खांद्यावर बॅग घेऊन सगळ्यांच्या पुढे. मी मागे, सभासदाचं कार्ड खिशात, ऊर भरून आलेला. पोरीचा पहिला दिवस. असा दिवस असला की दारात काहीतरी करावंसं वाटतं.

दार आलं. घंटा तिथेच टांगलेली, कोणीतरी नुकतीच लख्ख घासलेली. मी काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ.

मुलगी दारातून आत शिरत होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"बाबा," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "हात खिशात घाल."